पलंगावरचा तपास

पुस्तकांची स्तुती करणाऱ्यांत सर्वांत घातक जात म्हणजे "मी काही सांगत नाही, तू वाचच" म्हणणाऱ्यांची. नुसतं "छान आहे" म्हणणारा माणूस परवडतो. पुस्तक नाही आवडलं तर आपणही "बरं होतं" म्हणून मोकळे होतो. हा "वाचच"वाला मात्र आवाज खाली आणतो, आपला दंड धरतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत "कुठवर आलं?" असं विचारतो. "निम्म्यावर आहे" म्हटलं की तो स्वतःशीच हसतो. पुढे काहीतरी जबरदस्त आहे, असा त्या हसण्याचा अर्थ. आमच्या एका स्नेह्यांच्या केवळ तसल्या हसण्याच्या भरवशावर मी जोसेफीन टे या बाईंची 'द डॉटर ऑफ टाइम' ही कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचली.

बरं, स्नेह्यांचं एकट्याचं मत असतं तर सोडून दिलं असतं. त्यांनी मला पूर्वी एकदा मसाला डोशासाठी तीन बस बदलायला लावल्या होत्या. पण इथे त्यांच्या मागे अख्खं इंग्लंड उभं होतं. कादंबरी १९५१ सालची. ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेनं १९९० साली आजवरच्या शंभर सर्वोत्तम गुन्हेकथांची यादी केली, तेव्हा पहिला नंबर हिला दिला. रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' दुसरी. अगाथाबाईंची रॉजर ॲक्रॉइड पाचवी. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या लेखकांनी आपली यादी केली, तिच्यात ही चौथी आली. पण तिथे पहिल्या नंबरावर शेरलॉक होम्सचं सगळं गाठोडं एकत्र बांधून ठेवलं होतं, तेव्हा चौथा नंबर म्हणजे काही कमीपणा नव्हे. एवढ्या जाणत्यांनी एकमुखानं सांगितल्यावर माझ्यासारख्यानं रात्री जागायची तयारी ठेवणं क्रमप्राप्त होतं. मी थर्मासमध्ये चहा भरून ठेवला. रहस्यकथेसाठी भरलेला चहा झोप येऊ नये म्हणून असतो. या वेळी तो औषध म्हणून घ्यावा लागला.

गोष्ट अशी. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट एका बदमाशाचा पाठलाग करताना जमिनीतल्या झडपेच्या दारातून खाली कोसळतो, पाय मोडतो आणि इस्पितळात जाऊन पडतो. ऐकायला किती छान वाटतं! पण हे सगळं पहिल्या पानाच्या अलीकडेच उरकलेलं आहे. बदमाश, पाठलाग, कोसळणं, म्हणजे ज्यासाठी आपण रहस्यकथेचे पैसे मोजतो ते सगळं. आपल्या वाट्याला येतो छताकडे बघत उताणा पडलेला इन्स्पेक्टर. कादंबरीभर तो खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. उशाशी भेटायला आलेल्यांनी आणून दिलेल्या नव्याकोऱ्या कादंबऱ्यांची चळत आहे, आणि ग्रँटसाहेब त्यांतल्या एकेकीला नावं ठेवतात. अमका लेखक दर वेळी तेच लिहितो, तमकीचं पुस्तक न उघडताच कळतं, वगैरे. कादंबरीची सुरुवात लोकप्रिय कादंबऱ्यांची टर उडवण्यापासून करणं हे मोठं धाडस. वाचकाला सवय लागते.

मग त्याची मैत्रीण मार्टा, ही नटी, करमणुकीसाठी जुन्या चित्रांच्या छापील प्रतींचा गठ्ठा घेऊन येते. कारण ग्रँटला चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा भारी अभिमान. त्या गठ्ठ्यात एक चेहरा त्याला थांबवतो. किमती पोशाख, दुखणाईत डोळे, करंगळीतल्या अंगठीशी चाललेला चाळा. ग्रँटला वाटतं, हा कोणीतरी न्यायाधीश असावा, फार मनाला लावून घेणारा. उलटून बघतो तर तिसरा रिचर्ड! शेक्सपिअरनं कुबड देऊन रंगमंचावर उभा केलेला, सख्ख्या भावाच्या दोन पोरांना टॉवर ऑफ लंडनमध्ये मारणारा चुलता. आणि ग्रँट ठरवतो की असला चेहरा खून करूच शकत नाही.

झालं. एवढ्यावर केस उघडली जाते. शंभरांत पहिल्या आलेल्या गुन्हेकथेतला हा पहिला पुरावा. आमच्या सोसायटीच्या एका माजी खजिनदारांचा चेहरा ग्रँटनं पाहायला हवा होता. दर्शन घेऊन नारळ ठेवावा असा चेहरा. हिशेब मात्र अजून लागलेला नाही.

पुढे प्रत्येक भेटायला येणाऱ्यापुढे ते चित्र धरलं जातं. सर्जनला त्या चेहऱ्यात लहानपणीचा पोलिओ दिसतो. नर्सला लिव्हरचा विकार दिसतो. सार्जंटला तो कोर्टात न्यायाधीशाच्या बाजूला बसवावासा वाटतो. ज्याला त्याला आपापलं खातं दिसतं, आणि लेखिका याला तपास म्हणते. खुद्द त्या चित्राची हकिगत याहून गमतीची आहे. ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, चित्रकार अज्ञात, आणि रंगवलं गेलं सोळाव्या शतकाच्या अखेरीला, म्हणजे रिचर्ड मेल्यावर सुमारे शंभर वर्षांनी. थोडक्यात, ज्यानं राजाला कधी पाहिलं नाही त्यानं दुसऱ्या कुठल्याशा चित्रावरून काढलेलं चित्र, त्याची छापील प्रत, आणि तिच्यावरून एका पाय मोडलेल्या पोलिसानं ठरवलेलं चारित्र्य. आपल्याकडे पत्रिका जुळवणारे निदान जन्मवेळ तरी विचारतात.

मी हे सगळं सोसलं असतं, पण नावांनी पार घाम काढला. चौथा एडवर्ड राजा. त्याचा मुलगा पाचवा एडवर्ड, बारा वर्षांचा, हाच टॉवरमधून नाहीसा झाला. त्याचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ रिचर्ड. चुलता रिचर्ड. चुलत्याचा बापही रिचर्ड. चुलत्याच्या मुलाचं नाव एडवर्ड. दुसऱ्या पुतण्याचंही एडवर्ड. शत्रुपक्षाच्या युवराजाचं एडवर्ड. राणी एलिझाबेथ, राणीची मुलगी एलिझाबेथ. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल आपल्याकडेही आहे. पेशव्यांत दोन बाजीराव, दोन माधवराव आहेतच. पण आपण दुसऱ्याला 'सवाई' म्हणून वेगळा तरी काढला. या लोकांनी नुसते आकडे लावले, आणि तेही फक्त गादीवर बसलेल्यांना. बाकीचे एडवर्ड ओळखायचे कसे, हा प्रश्न वाचकावर सोडला. पुस्तकातल्या वंशावळीत मी इतक्या वेळा गेलो की ते पान आपोआप उघडायला लागलं.

याच सुमारास आमची आत्या मुक्कामाला होती. आत्यानं तरुणपणी बाबुराव अर्नाळकरांच्या जवळजवळ सगळ्या रहस्यकथा वाचलेल्या. अर्नाळकरांच्या हजारावर आहेत म्हणतात. तेव्हा ही कामगिरी लहान नव्हे. झुंजार आणि काळापहाड हे तिला नात्यातले वाटतात. मी पुस्तक घेऊन बसलो की ती भाजी निवडता निवडता विचारायची, "मेलं का रे कुणी?"

"मेले आत्या. दोन मुलं."

"कधी?"

"चौदाशे त्र्याऐंशी साली."

आत्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. "अरे, आत्ता कोण मेलं?"

आत्ता कुणीच मेलेलं नव्हतं. कुणी मरेल अशी चिन्हंही नव्हती. ग्रँटचा पाय सुधारत होता.

"मग पोलीस कुठे गेलाय?"

"कुठे नाही, झोपलाय."

आत्या पुढे काही बोलली नाही. पण तिच्या झुंजारनं आयुष्यात दिवसाउजेडी झोप घेतली नव्हती, हे तिच्या मेथी खुडण्यातून मला स्पष्ट कळलं.

आता न्यायानं बोलायचं तर मधली काही पानं झकास आहेत. ग्रँटच्या दिमतीला ब्रेंट कॅरडाइन नावाचा एक अमेरिकन पोरगा येतो. एका नटीच्या मागे लंडनला आलेला, अंगापेक्षा मोठा कोट घालणारा, ब्रिटिश म्युझियममध्ये कागद चाळणारा. दोघे मिळून रिचर्डवरच्या आरोपांचा उगम शोधतात तो थेट सर टॉमस मोरपर्यंत जातो. मोर म्हणजे साधुपुरुष, सत्यासाठी मान कापून घेतलेला. त्याच्या शब्दावर सगळ्या इतिहासकारांनी डोळे मिटून विश्वास टाकलेला. आणि ग्रँटला कळतं की मोर जन्मला १४७८ साली. १४८५ च्या ऑगस्टमध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला, तेव्हा हे साक्षीदार सात वर्षांचे होते! म्हणजे सगळी ऐकीव माहिती, आणि ती ज्याच्या घरी राहून ऐकली तो जॉन मॉर्टन हा रिचर्डचा हाडवैरी. या जागी मी खरोखर उठून बसलो. थर्मासमधला चहा तेव्हाच तेवढा चहा म्हणून प्यायलो.

दुसरी चांगली जागा 'टिट्युलस रेजिअस' नावाच्या कायद्याची. चौथ्या एडवर्डनं राणीशी लग्न करण्याआधी एलिनोर बटलर नावाच्या बाईला लग्नाचं वचन दिलेलं होतं, म्हणून राणीशी झालेलं लग्नच रद्द, मुलं अनौरस, आणि गादी चुलत्याची, असं पार्लमेंटनं १४८४ साली ठरवलं. रिचर्डला मारून गादीवर बसलेल्या सातव्या हेन्रीनं हा कायदा न वाचताच रद्द करायला लावला आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम सोडला. कारण उघड होतं. त्याला त्याच मुलांच्या बहिणीशी लग्न करायचं होतं. तिला औरस ठरवलं की भाऊही औरस ठरतात, आणि भाऊ औरस व जिवंत असले तर हेन्री गादीवर कसा? ग्रँट म्हणतो, मुलं मेलेली असण्यात फायदा चुलत्याचा नव्हता, हेन्रीचा होता. हा डाव सुंदर मांडलाय. इथे मला स्नेह्यांचं ते गूढ हसणं आठवलं आणि वाटलं, आता चढणार गाडी घाट!

गाडी चढली नाही, कारण घाटच नव्हता. ग्रँटच्या खोलीत एकही माणूस त्याच्या विरुद्ध बोलत नाही. जो येतो तो चित्र बघतो, हळहळतो, आणि "खरंय हो, बिचारा!" म्हणून जातो. फिर्यादी पक्षाचा वकील नेमलेलाच नाही. रिचर्डच्या बाजूचा कागद सापडला की तो 'पुरावा', विरुद्ध बाजूचा सापडला की 'कुचाळकी'. मरून साडेचारशे वर्षं झालेल्या आरोपीला निर्दोष सोडवताना निदान एक खवट म्हातारा मधे घालायला काय हरकत होती? इंग्लंडात खवट म्हाताऱ्यांची टंचाई असल्याचं कधी ऐकलं नाही.

आणि तो म्हातारा रिकाम्या हातांनी आला नसता. डॉमिनिक मॅनचिनी नावाचा एक इटालियन १४८३ साली लंडनमध्येच होता. मुलं हळूहळू टॉवरच्या खिडक्यांतून दिसेनाशी झाली, थोरल्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि त्याला मारलं असावं असा संशय तेव्हाच पसरला होता, असं त्यानं त्याच वर्षाच्या अखेरीला लिहून ठेवलं. म्हणजे ट्यूडर घराणं गादीवर यायच्या आधीच. हे हस्तलिखित फ्रान्समधल्या लील गावच्या ग्रंथालयात सापडलं आणि १९३६ साली छापून निघालं. टेबाईंच्या कादंबरीच्या पंधरा वर्षं आधी. दिवसचे दिवस ब्रिटिश म्युझियममध्ये बसणाऱ्या कॅरडाइनला ते दिसत नाही. तो मोठा कोट डोळ्यांवर येत असावा. हेन्रीनं पार्लमेंटमध्ये रिचर्डवर जे आरोपपत्र ठेवलं त्यात मुलांच्या खुनाचा उल्लेख नाही, हा तर ग्रँटचा हुकमाचा एक्का. पण त्या आरोपपत्रात बालकांचं रक्त सांडल्याचा आरोप आहे. नावं घातलेली नाहीत एवढंच. सगळेच एडवर्ड आणि रिचर्ड, नावं घालून तरी काय उपयोग, असा हेन्रीच्या कारकुनांनी विचार केला असेल.

यावर कडी म्हणजे टोनीपँडी. खोट्या पडलेल्या पण सगळ्यांच्या तोंडी असलेल्या इतिहासाला ग्रँट आणि कॅरडाइन या वेल्श गावाचं नाव देतात. १९१० साली तिथल्या खाणकामगारांच्या दंगलीवर चर्चिलनं सैन्य घातलं अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात लंडनचे बिनशस्त्र पोलीस गेले आणि फारतर काही नाकं फुटली, असं ग्रँट समजावतो. आता खरी हकिगत अशी की चर्चिलनं सैन्य आधी रोखून धरलं होतं हे बरोबर, पण मागाहून ते त्या खोऱ्यात गेलं आणि पुष्कळ दिवस राहिलं. आणि त्या धुमश्चक्रीत डोक्याला मार बसून एक खाणकामगार मेला. खोटा इतिहास कसा तयार होतो याचा नमुना म्हणून दिलेली हकिगतच अर्धवट. हा मला पुस्तकातला एकमेव अस्सल विनोद वाटला, पण तो बाईंनी जाणून केलेला नाही.

शेवटाबद्दल स्नेह्यांनी बजावलं होतं, "शेवट कुणाला सांगू नकोस." सांगतो. शेवटी कॅरडाइन पडेल चेहऱ्यानं येतो आणि म्हणतो की आपण शोधलेलं सगळं लोकांना आधीच माहीत आहे. सतराव्या शतकात जॉर्ज बक यानं लिहिलंय, १७६८ साली होरेस वॉलपोलनं लिहिलंय, १९०६ साली क्लेमेंट्स मार्कमनं तर भलं मोठं पुस्तक लिहिलंय. म्हणजे दोनशे पानं तपास करून इन्स्पेक्टरसाहेबांनी काय शोधलं, तर ग्रंथालयात पुस्तकं असतात.

मराठी वाचकाला इथे जी चुटपुट लागते तिला खास कारण आहे. चुलता, पुतण्या, गादी आणि खून हा विषय आपल्या घरचा आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला तोडला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं. आनंदीबाईनं कागदावर अक्षर फिरवलं की नाही यावर अडीचशे वर्षांत भांडण थांबलेलं नाही. आता तोच ग्रँट सदाशिव पेठेतल्या एखाद्या इस्पितळात, पायाला वजनं लावून, उशाशी राघोबादादांचं चित्र ठेवून पडलाय असं समजा. भेटण्याच्या वेळेत तो एवढंच पुटपुटतो, "चेहऱ्यावरून हा माणूस खुनी वाटत नाही."

"कोण वाटत नाही?" शेजारच्या खाटेवरचे हर्नियाचे गृहस्थ टाके सांभाळत उठून बसतील. "मूळ कागद पाहिलेत का तुम्ही?"

"नाही, पण हा चेहरा..."

"चेहरा राहू द्या. मोडी येतं? नाही? मग बोलता कशाला?"

सलाइन बदलायला आलेली सिस्टर म्हणेल, "काका, तुम्ही पडून राहा बरं. पण आनंदीबाईंचं नाव उगीच खराब केलंय हो लोकांनी. बाई हुशार असली की असंच होतं." त्यावर समोरच्या पेशंटच्या डबा घेऊन आलेल्या वहिनी डब्याचं झाकण तसंच हातात धरून म्हणतील, "उगीच कसं? आमचं आजोळ त्याच भागातलं. आम्हांला विचारा." फरशी पुसणाऱ्या मावशी फडकं बादलीत पिळत सांगतील की वाड्यातून अजून हाक ऐकू येते, त्यांच्या नणंदेनं स्वतः ऐकलीय. राउंडला आलेले डॉक्टर ग्रँटचा पाय सोडून हर्नियावाल्यांशी सरदेसाईंच्या रियासतीच्या कुठल्या भागात काय आहे यावर वाद घालतील. आणि पुरावे आणायला पेशवे दफ्तरात पाठवलेला कॅरडाइन तिथले कोट्यवधी मोडी कागद बघून संध्याकाळच्या विमानानं घरी जाईल, नटी गेली खड्ड्यात. रामशास्त्र्यांचा निकाल फिरवायचा असेल तर असल्या खोलीत फिरवून दाखवावा. मग मी त्या कादंबरीला शंभरांतला पहिला नंबर आनंदानं देईन, हवं तर प्रस्तावनाही लिहीन.

माझी तक्रार स्नेह्यांनी शांतपणे ऐकून घेतली. 'वाचच'वाल्यांकडे प्रत्येक तक्रारीवर उत्तर तयार असतं.

"अरे, तू ते रहस्यकथा म्हणून वाचलंस."

"गुन्हेकथांच्या यादीत पहिली आहे म्हणून तसं वाचलं."

"रहस्य खुनाचं नाहीच त्यात. इतिहास कसा लिहिला जातो, हे त्यातलं रहस्य."

"मग तपास पोलिसाकडे कशाला दिला?"

"तू आजारी असताना वाचायला हवं होतंस," ते म्हणाले, आणि मला वाटतं नकळत त्यांनी खरं कारण सांगून टाकलं. ते स्वतः गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणात होते तेव्हा त्यांनी ते वाचलं होतं. पडून असलेल्या माणसाला दुसरा पडलेला माणूस पराक्रमी वाटणारच. पलंगावरून हलता येत नसताना एका राजाची बेअब्रू धुऊन काढता येते, याहून दिलासा देणारं त्या अवस्थेत काय असणार? ही युक्ती धंद्यातल्या लोकांनाही भावली. कॉलिन डेक्स्टरनं आपल्या इन्स्पेक्टर मोर्सला असंच इस्पितळात निजवून जुन्या खुनाचा तपास करायला लावला, आणि त्या १९८९ सालच्या कादंबरीला गुन्हेकथांचं मोठं बक्षीस मिळालं. माझा मुद्दा एवढाच की त्या १९९० च्या यादीसाठी मत देणाऱ्यांत किती जणांचे गुडघे शाबूत होते, हे कुणीतरी तपासावं.

टेबाईंवर मात्र माझा राग नाही. खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, गाव स्कॉटलंडमधलं इन्व्हर्नेस. नाटकं लिहायच्या ती गॉर्डन डेव्हिअट या पुरुषी नावानं. १९३२ सालच्या त्यांच्या 'रिचर्ड ऑफ बोर्डो'नं तरुण जॉन गिलगुडला मोठा नट करून सोडलं. ते नाटक दुसऱ्या रिचर्डवर, कादंबरी तिसऱ्यावर. कादंबरी आल्यावर वर्षाच्या आतबाहेरच, १९५२ च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. आपण शंभरांत पहिल्या आल्याचं त्यांना कळलं नाही. पुस्तकांचं उत्पन्न त्यांनी इंग्लंडातल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टला लिहून ठेवलं होतं. माझ्यासारख्या हिरमुसलेल्या वाचकांच्या पैशांतून एखाद्या हवेलीची कौलं शाकारली गेली असतील, तर तेही पुण्यच.

शिवाय बाईंनी लोकांना रिचर्डचं वेड लावलं ते लावलंच. इंग्लंडात त्याची बाजू मांडणारी सोसायटी १९२४ पासून आहे. तिच्यातल्या फिलिपा लँगली या बाई हट्टाला पेटल्या की राजा लेस्टर गावात समाजकल्याण खात्याच्या पार्किंगखाली पुरलेला आहे. त्या पार्किंगमध्ये डांबरावर एक 'आर' रंगवलेला होता, 'रिझर्व्ह्ड'मधला; तिथे उभं राहिल्यावर आपल्याला आतून जाणवलं, असं त्या सांगत. माणसं हसली असतील. २०१२ च्या ऑगस्टमध्ये खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात, हाडं लागली. कुबड नव्हतं, वाळलेला हातही नव्हता; पण पाठीचा कणा चांगलाच वाकलेला होता, एक खांदा वर. म्हणजे ट्यूडरांनी पार हवेतून काही काढलं नव्हतं, नुसतं वाढवून सांगितलं होतं. कवटीवर घावच घाव. पुढे जनुकांवरून शास्त्रज्ञांनी सांगितलं की डोळे बहुधा निळे, निदान लहानपणी केस पिंगट, आणि शिल्लक चित्रांत या वर्णनाशी सर्वांत जुळतं ते लंडनच्या पुराणवस्तू संशोधकांच्या सोसायटीतलं. ग्रँटच्या उशाशी होतं ते नव्हे.

हाडं रिचर्डचीच, हे ठरवायला त्याच्या बहिणीच्या लेकीच्या लेकीच्या लेकी असा आईकडचा धागा धरत शास्त्रज्ञ लंडनमधल्या एका फर्निचर बनवणाऱ्या गृहस्थांपर्यंत पोचले. जुळलं. इतक्या पिढ्यांच्या बायकांनी हिशेब चोख ठेवला होता. २०१५ साली राजाला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं, तेव्हा शवपेटीही या गृहस्थांनीच बनवून दिली.

बापाकडच्या धाग्यासाठी एका ड्यूकच्या वंशातले पाच पुरुष गाठले. सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, राजा तिसरा एडवर्ड, असं वंशावळीत शिक्कामोर्तब. पाचांतला एकही रिचर्डशी जुळला नाही. पाचशे-सहाशे वर्षांत कुठल्यातरी एका रात्री कुठल्यातरी वाड्यात वंशावळीला न विचारता काहीतरी घडलं होतं. ते कुठे घडलं, यावर इंग्लंडच्या कुठल्या राजाचा हक्क पातळ होतो, ही चर्चा वर्तमानपत्रांनी चवीनं केली. पण मला गोडी लागली ती वेगळ्याच तपशिलाची. त्या पाचांतले चौघे आपसांत जुळले. पाचवा चौघांशीही जुळला नाही. म्हणजे पंधराव्या शतकातला एक गोंधळ सोडवायला बसलेल्या शास्त्रज्ञांच्या हाती अलीकडच्या काळातला एक ताजा गोंधळ लागला. या पाचव्या गृहस्थांना बातमी कुणी दिली, त्यांनी घरी जाऊन आजोबांच्या तसबिरीकडे किती वेळ पाहिलं, आणि जेवणाच्या टेबलावर बसलेल्या बहिणीनं "काय म्हणाले रे प्रयोगशाळेत?" असं विचारलं तेव्हा ते काय बोलले, ही कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही. आत्याला मी एवढं सांगितलं, तर तिनं कुकरखालचा गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

"आजी कुठली रे त्याची?" तिनं विचारलं.